शेहेचाळीस टोले

"तेव्हाच सांगितलं होतं तुला, त्या घरातली मुलगी करू नकोस म्हणून!" म्हातारी पेल ओरडत होती. "त्यांच्यात बाई सत्तेचाळिशी बघत नाही. हिची आई शेहेचाळिसाव्या वर्षी गेली, आता ही पण. कॅलेंडर बघून मरतात मेल्या!"

"आई, ती अजून घरात आहे गं," अमोस म्हणाला. "तिला मातीत तरी जाऊ दे, मग बोल."

"तिला काय ऐकू येतंय आता?"

तिला येत नव्हतं, पण आम्हाला येत होतं. मी आणि डॉर्कस, दोघी कोळशाच्या कोठीमागे बसलो होतो. डॉर्कस आठ वर्षांची, मी नऊ. आत तिची आई एस्थर पेटीत झोपवलेली, आणि मागच्या दारी तिची आजी तिच्या बापाशी भांडत होती. तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या वयाइतके टोले देत. डॉर्कस बोटांवर मोजू लागली. माझी दहा संपली की तिची दहा, परत माझी. शेहेचाळीसवर घंटा थांबली. माझं सहावं बोट धरून ती तशीच बसून राहिली, अजून एक पडेल म्हणून. पडला नाही.

ते बोट तिनं जन्मभर सोडलं नाही, असं मला वाटतं.

माझी शाळा बटाट्याच्या दोन हंगामांच्या मध्ये जेवढी मावली तेवढीच. अजूनही मी ओळीखाली बोट धरूनच वाचते. डॉर्कस मात्र सरसर वाचायची. पुढे तेच नडलं, पण ते नंतर. तिचं लग्न झालं, रूथ झाली, नवरा विल्फ लढाईतून परत आला नाही. मग तिनं चर्चची झाडलोट धरली. वेदीवरची चादर धुऊन इस्त्री करायची, फुलं बदलायची. कडक होती. पाद्रीसाहेबांनासुद्धा "पाय पुसा आधी" म्हणायची. पण कुणाची घंटा वाजली की हातातला झाडू थांबायचा, ओठ हलायचे. शेहेचाळीस ओलांडले की झाडू परत सुरू.

छप्पन्न साल संपून सत्तावन्नचा मार्च आला आणि तिला शेहेचाळीस पूर्ण झाली. मी केक घेऊन गेले. तिनं सुरीसुद्धा लावली नाही.

"टिले, माझ्याबरोबर क्विल्बीला चल."

"तिथं काय आहे? चिखलाशिवाय?"

"आईचं माहेर. तिथल्या दफनवहीत आजीचं वय असेल. म्हातारी पेल खोटारडी होती, तुला माहीत आहे, आणि बाबांना विचारायचं राहूनच गेलं. हे पण खोटं निघालं तर मी सुटले. आणि खरं असेल तर… रूथला ऑगस्टमध्ये मूल होणार. तिला सांगायला नको? तिच्याजवळ किती वर्षं आहेत ते?"

मरणाची भीती एक वेळ समजते. पण ती काचेच्या भांड्यासारखी जपून मुलीच्या हातात द्यायची?

बसनं गेलो. क्विल्बीचा चर्चचा कारकून ऑर्म, सत्तरीचा माणूस, लोखंडी पेटीची किल्ली गळ्यात बांधून फिरायचा.

"या," तो म्हणाला. "सगळे इथं खानदानात सरदार शोधायला येतात आणि गवंडी घेऊन परत जातात. तुम्हाला कोण हवंय?"

"हॅना ब्रमिट," डॉर्कस म्हणाली. "शेहेचाळीस वर्षांची."

ऑर्मनं वही काढली. ओल लागून पानं फुगलेली. एकेका पानावर आठ माणसं: नाव, राहणार कुठले, पुरलं कधी, वय किती. डॉर्कसचं बोट वयाच्या रकान्यातून खाली धावायला लागलं. मी पहिल्या पानावरच्या दुसऱ्या माणसापाशी होते तेव्हा ती चाळिसाव्या पानावर होती. आणि मग ते बोट थांबलं.

हॅना ब्रमिट. गरीबघर. नोव्हेंबर १८८७. शेहेचाळीस.

"म्हणून आई तेराव्या वर्षी दुसऱ्याच्या घरी कामाला लागली," ती हळूच म्हणाली. "तिची आई निराधारांच्या गरीबघरात मेली, म्हणून."

"बरोबर सापडली की," ऑर्म खूश होऊन म्हणाला. "पण कुठं पुरलंय ते नका विचारू. वहीत कोण ते असतं, कुठं ते नसतं. गरीबघरातली सगळी उत्तरेच्या भिंतीकडे, एवढंच सांगतो."

परतीच्या बसमध्ये ती माझा हात धरून बसली होती. कालव्यावर धुकं उतरलं होतं, आणि मला सारखं वाटत होतं की आमच्या मागच्या बाकावर कुणीतरी तिसरं बसलंय.

मग ते वर्ष. डॉर्कस शिडीवर चढेना. नवे बूट घेईना, "कशाला, जुने पुरतील" म्हणायची. खोकला आला तर रुमाल उघडून बघायची. रूथला ऑगस्टमध्ये मुलगी झाली, तर बाळाला मांडीवर घेऊन ही मनातल्या मनात सालं मोजत होती. मी बघितलं ना, ओठ हलत होते. एक पत्रही लिहिलं तिनं रूथला, आणि पाकीट बंद करून माझ्याकडे दिलं.

"मी गेले की टाक पोस्टात."

"मी नाही टाकणार."

"टिले, तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

घेतलं मी. घड्याळामागे ठेवलं. दिवसातून दहा वेळा वेळ बघायची सवय मला, त्या वर्षात मोडली.

फेब्रुवारीत ती घर वाटायला लागली. कपबश्या पाद्रीणबाईंना, विल्फचा कोट माझ्या नवऱ्याला. मला दिली तिच्या बिछान्यावरची गोधडी. एस्थरच्या रुखवतातली, निळ्या-पांढऱ्या तुकड्यांची.

"धू आधी. वीस वर्षं मीच अंगावर घेतेय."

धुतली आणि चुलीपुढे दोरीवर टाकली. पिळताना कोपऱ्यातला जादा शिवलेला पट्टा उसवला. आत लाल दोऱ्याची अक्षरं. बोट धरून वाचली. परत वाचली. "हॅना ब्रमिटकडून एस्थरला, लग्नानिमित्त, १८९९."

मला हिशेब येत नाही, पण एवढा येतो. सत्त्याऐंशी साली पुरलेली बाई नव्याण्णव साली गोधडी कशी शिवेल?

आनंद झाला असं वाटेल कुणाला. नाही झाला. माझी चूक निघाली तर? बुडणाऱ्याला दोर द्यायचा आणि परत ओढून घ्यायचा? डॉर्कसला काही न बोलता दुसऱ्या दिवशी एकटीच क्विल्बीला गेले.

"आज किती वर्षांची पाहिजे?" ऑर्मनं विचारलं.

"वय नको. हॅना ब्रमिट पाहिजे, आणि राहणार एंजिनघर."

कारण एस्थर सांगायची, तिचा जन्म एंजिनघरातला, कालव्याचं पाणी उपसणारं एंजिन रात्रंदिवस धडधडायचं तिथला. मी त्याच बांधावर बटाटे काढलेत. क्विल्बीच्या लोकांना मी नावानं ओळखत नाही, घरानं ओळखते. सत्त्याऐंशीपासून एकेक ओळ वाचली, बोट धरून. तीन तास लागले. ऑर्मनं दोनदा चहा दिला आणि एकदा विचारलं, "बाई, सगळ्या गावाला पाठ करणार आहात का?"

हॅना ब्रमिट. एंजिनघर. जानेवारी १९०५. चौसष्ट.

डॉर्कस स्वयंपाकघरात बसली होती. वाढदिवसाला नऊ दिवस उरले होते. मी गोधडी तिच्या मांडीवर टाकली आणि तिचं बोट त्या अक्षरांवर ठेवलं. मग वहीचं सांगितलं.



"आपण घर विचारलंच नाही," ती म्हणाली. "मी वय मागितलं. आणि वहीनं वय दिलं."

"तू घाई केलीस. माझ्यासारखी ढ असतीस तर बरं झालं असतं."

"मग आई?"

"आईला न्यूमोनिया झाला, डॉर्कस. त्या वर्षी अर्ध्या गावाला झाला होता."

ती हसली नाही, रडली नाही. म्हणाली, "मग ती दुसरी हॅना कोण गं? गरीबघरातली? वर्षभर ती माझ्या छातीवर बसली होती, आणि ती माझी कुणीच नाही?"

मी घरून पाकीट आणलं. तिनं स्वतःच्या हातानं चुलीत घातलं. रूथ आता स्वतः आजी झालीय, तिला यातलं अक्षर माहीत नाही.

तरी त्या वाढदिवसाच्या सकाळी मी उठल्या उठल्या तिच्या धुरांड्याकडे बघितलं. धूर नाही. सात वाजले, धूर नाही. पायांत वहाणा घातल्या की नाही आठवत नाही, धावतच गेले. म्हातारी पेलचा आवाज कानात, कॅलेंडर बघून मरतात. पाठीमागचं दार ढकललं, तर डॉर्कस काजळीनं काळीठिक्कर, चुलीत हात घालून बसलेली.

"धुरांडं चोंदलंय. असं काय बघतेस? भूत दिसलं?"

मी पायरीवर बसले आणि अशी रडले की तिनंच मला पाणी दिलं.

भीती गेली का तिची? गेली असं नाही म्हणत. पण ती सगळ्यांच्या मापाची झाली. नवे बूट घेतले. घंटेचे टोले मात्र ती शेवटपर्यंत मोजायची, फक्त आता शेहेचाळीसपाशी थांबायची नाही, पूर्ण मोजायची.

आणि एक सवय लागली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी वेदीवरची उतरवलेली फुलं ती वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि क्विल्बीच्या बसमध्ये बसायची. आपल्या आजीसाठी नाही. आजीला दगड आहे, नाव आहे, आम्ही शोधला. ही फुलं उत्तरेच्या भिंतीकडे, जिथं नुसतं गवत आहे. वहीत कुठं ते नाही, म्हणून ती भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक फूल टाकत जायची. कुठंतरी तर पोचेल.

एकोणऐंशी वर्षांची होती, ऑक्टोबर होता. मी म्हटलं, "आज राहू दे, वारा बघ."

"फुलं उद्यापर्यंत टिकणार नाहीत."

गेली. संध्याकाळी माझ्या दारात आली, टोपी वाकडी, बुटांना क्विल्बीचा चिखल.

"बस उशिरा आली," ती म्हणाली. "चहा आहे का?"