शंभर पर स्क्वेअर फूट

दत्ता आणि मी लष्करात, एकाच इंजिनिअर कंपनीत होतो. तो नाईक, कर्जतच्या भिसेगावचा. मी हवालदार, लोधिवलीचा. आमचं पोस्टिंग उत्तरेत, डोंगरातल्या एका फील्ड स्टोअरवर होतं. इमारत इंग्रजांच्या वेळची. खाली सामान देण्याचा इश्यू काउंटर, वर लोखंडी बीमवर फळ्यांचा मजला. सकाळी पीटी, मग सामान उतरवणं, मोजणं, रचणं. काउंटर दत्ताचा.

जिन्यापाशी भिंतीवर मोठा आकडा होता : सेफ लोड १०० पर स्क्वेअर फूट. आकड्यापुढे बारीक अक्षरांत ‘पाउंड’ होतं. मी ते वाचलं होतं. मग सीओ साहेबांचं इन्स्पेक्शन आलं. आमच्याकडे इन्स्पेक्शन म्हणजे चुना. सगळ्या भिंतींना चुना मारला, आकडा काळ्या रंगाने पुन्हा गिरवला आणि बारीक अक्षरं चुन्याखाली गेली.

पुढे सिमेंट आलं. सुभेदार साहेब साताऱ्याचे, कामाचे पक्के. त्यांनी स्वतः टेप लावली. गोणी पन्नास किलोची, जागा घेते अडीच स्क्वेअर फूट. शंभर किलो धरून पाच थर.

मी म्हणालो, “साहेब, ते शंभर पाउंड आहेत, म्हणजे पंचेचाळीस किलो. दोनच थर बसतात.”

“कुठे लिहिलंय?”

“चुन्याखाली.”

“पाउंड इंग्रज घेऊन गेले, हवालदार. पाच थर. कामाला लागा.”

आजही डोकं फिरतं. आपली सवयच अशी. जागा फुटात मोजायची, वजन किलोत करायचं आणि दोन्हीची मोट बांधायची. आकड्यामागे काय आहे ते कुणी विचारत नाही.

चौथा थर संपत आला तेव्हा मी बाहेर ट्रकपाशी होतो. आधी बीमचा आवाज आला, मग धूळ. वरची पोरं जिन्याकडे पळाली म्हणून वाचली. काउंटर दिसत नव्हता.

सिग्नलवाल्याने वायरलेस सेट उचलला. “स्टोअर गिरा है. स्ट्रेचर भेजो. ओव्हर.”

“कितने दबे? ओव्हर.”

“एक.”

आम्ही हातांनी गोण्या काढल्या. सुभेदार साहेबही काढत होते. दत्ता सापडला तेव्हा पेन त्याच्या मुठीत होतं.

आता मी रिटायर आहे. नेरळला इक्बालभाईंच्या टाइल्सच्या दुकानात गोदाम सांभाळतो. गेल्या महिन्यात त्यांनी दुकानात लोखंडी माळा घातला. ड्रॉइंग त्यांच्या भाच्याने काढलं. तो अमेरिकेत असतो, तिथलीच कामं करतो. त्यावर लिहिलं होतं : ६० पीएसएफ. मी सकाळी पोचलो तर माळ्यावर टाइल्सच्या खोक्यांचे सहा-सहा थर चढलेले. खाली टेबलापाशी बिलं करणारी रेखा बसलेली.

“इक्बालभाई, हे पाउंड आहेत. तीनच थर चालतील. भाच्याला विचारा.”

“त्याच्याकडं आता रात्र हाय. पीएसएफ म्हंजे पर स्क्वेअर फूट, मला कळतंय. साठ किलो धरून आठ थर बसतात. सीझन हाय हवालदार, माल डोक्यावर ठेवू?”

“रेखाच्या डोक्यावर ठेवलाय तो.”

“काय होत नाय ओ. तुमी लय घाबरता.”

माझा पारा चढला. मी रेखाला उठवून बाहेर पाठवलं. तिची खुर्ची माळ्याच्या बरोबर खाली ओढली.

“मग तुम्ही बसा. माल उतरेपर्यंत इथून हलायचं नाही.”

इक्बालभाई खुर्चीकडे आले. वर बघितलं. बसले नाहीत.

“पोरांनो, उतरवा रं माल,” ते म्हणाले. दुपारपर्यंत तीन थर राहिले. संध्याकाळी भाच्याचा फोन आला, पाउंडच होते. चुकलं असं इक्बालभाई काही म्हणाले नाहीत. चहा मात्र पाठवला.

रविवारी भिसेगावला दत्ताच्या घरी गेलो. त्याच्या फोटोखाली ‘शहीद’ लिहिलेलं नाही. तो गोळीने मेला नाही, अपघातात गेला, म्हणून शहीद नाही, असा नियम आहे. मला तो नियम पटत नाही. फोटोला हार घालून बसलो. वहिनींनी पाणी दिलं आणि दर वेळी विचारतात तेच विचारलं.

“भावजी, लय वजन व्हतं का ओ त्यांच्या अंगावर?”

ते वजन मला तोंडपाठ आहे, किलोतही आणि पाउंडातही.

“नाय वयनी,” मी म्हणालो. “जास्त नव्हतं.”