डिसेंबरची तारीख

कूलर सुरू झाला की तो समोर उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि हवेत हात धरायचा. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. पक्कड आणि तारेनं तळहाताला घट्टे पडलेत, त्याला थंड-गरम काय कळणार, असं त्याचं म्हणणं. मनात दहा आकडे होईस्तोवर तो तसाच थांबायचा. मग डोळे उघडून म्हणायचा, "फस्ट क्लास."

हा त्याचा एकुलता एक शेरा. कूलर फस्ट क्लास, चहा फस्ट क्लास, मुलीचा दहावीचा निकालही फस्ट क्लास, भले ती दोन विषयांत कशीबशी सुटलेली असो. "कसे आहात?" असं विचारलं तरी उत्तर तेच. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं उत्तर ठाऊक असूनही आपण त्याला विचारत राहतो. पुढे हेच दोन शब्द तो एका चुकीच्या जागी बोलला आणि त्या जागी त्याला मीच नेऊन उभं केलं होतं. ते सांगायलाच बसलो आहे.

नागपूरच्या नंदनवन वस्तीत आम्ही राहायला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यापासून तो आमच्याकडे येत होता. मार्चचा शेवटचा आठवडा लागला की सायकलच्या मागे वुडवूलचे, म्हणजे कूलरच्या ताट्यांत भरतात त्या लाकडी गवताचे गठ्ठे बांधून तो दारात हजर. जुनं गवत काढायचं, जाळी घासायची, पंपाला तेल द्यायचं, आणि शेवटी कूलरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला मार्करनं ते वर्ष लिहायचं. एकाखाली एक वर्षं. "मी काम केलं त्याचा पुरावा, भाऊ. उद्या म्हणान, हा आलाच नाही." आम्ही कधीच तसं म्हणालो नसतो. पण त्याला लिहायला आवडायचं. अक्षर टपोरं होतं.

पाच-सहा वर्षांपूर्वीचा एप्रिल. कूलर सुरू झाला, त्यानं हात धरला, डोळे मिटले. दहा आकडे केव्हाच होऊन गेले असतील, तरी तो हलेना. मग त्यानं दुसरा हात धरला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, जरा पाहा बरं. हवा थंडी लागून राहिली का?"

मी हात पुढे केला. आता एक गोष्ट सांगतो, जी तेव्हा घरचे आणि डॉक्टर सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. माझा उजवा हात मनगटापर्यंत कित्येक वर्षं बधिर आहे, जाड हातमोजा घातल्यासारखा. मलाही काही कळेना. दोन बाप्ये कूलरसमोर हात पसरून उभे, जणू काही मागायला आलेत. बायको स्वयंपाकघरातून आली, तिनं आमच्या दोघांच्या मध्ये हात घातला आणि म्हणाली, "गारेगार आहे की. काय चाललंय तुमचं?" ती हसली, तोही हसला. मला हसू आलं नाही. स्टुलावरून उतरताना त्याच्या डाव्या पायाचा अंगठा अडकलेला मी मघाशीच पाहिला होता. माझा असाच अडकतो.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटते आणि मेंदूतल्या, मणक्यातल्या नसांचं आवरण कुरतडते, असा हा आजार. त्या दिवशी मी त्याला खाली बसवून हे सांगितलं आणि त्याची हकीकत विचारली. एक डोळा महिनाभर धूसर झाला होता, तेव्हा त्यानं लकडगंजच्या बाजारातून, फूटपाथवरून चष्मा घेतला. पाय जड झाला, तेव्हा मालिश करून घेतलं. दोन्ही वेळा दुखणं आपोआप ओसरलं, म्हणून चष्मा आणि मालिश दोन्ही फस्ट क्लास ठरले. अशी चार वर्षं गेली होती. माझा डोळा धूसर झाला तो एका सोमवारी, पुढच्या सोमवारी माझा एमआरआय झालेला होता आणि महिन्याच्या आत औषध सुरू. माझी सरकारी नोकरी, औषधाचा खर्च परत मिळतो. तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मी त्याला माझ्याच डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी त्याला समजावलं, आणि त्यानं मला, डॉक्टरांपेक्षा चांगलं. "वायर शाबूत आहे, भाऊ. वरचं कवर उंदरानं खाल्लं. गरमी वाढली का करंट लीक होते." मग म्हणाला, "अन् उंदीर बी घरचाच आहे."

गरमीचं त्यानं बरोबर ओळखलं होतं. या आजारात ऊन चढलं की पाय ऐकत नाहीत, नजर अंधारते. अंग थंड झालं की बरंच काही परत येतं. मी आमच्या बेडरूममध्ये एसी बसवून घेतला तो यासाठीच. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात काही कागद घेऊन मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो. वर पत्रा असलेली एकच खोली. खिडकीत कूलर होता, फिरतही होता, पण त्यात पाणी नव्हतं. टँकर एका दिवसाआड यायचा आणि ते पाणी प्यायला लागायचं. "दुसऱ्याईचे भरतो, भाऊ," तो म्हणाला. "माह्यावाला पंखा समजा." डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन तो खाटेवर बसला होता. मला चहा द्यायला उठू लागला, तर दोनदा खाली बसला. तिसऱ्या वेळी बायकोच्या खांद्याला धरून उभा राहिला.

मी ज्यासाठी गेलो होतो ते असं. डॉक्टरांनी त्याला माझंच औषध लिहून दिलं होतं, दर सहा महिन्यांनी सलाइनमधून घ्यायचं. ते विकत घेणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. एक डोस मी देऊ शकलो असतो. पण हे एकदा देऊन भागत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि गप्प बसलो. एक संस्था मात्र औषध फुकट द्यायला तयार होती. तिची एकच अट होती, दिव्यांग प्रमाणपत्र हवं, चाळीस टक्के किंवा त्याच्या वर. आणि योगायोग असा, की हे प्रमाणपत्र देणारं वैद्यकीय मंडळ दर बुधवारी ज्या कार्यालयात बसतं, तिथं तपासणीच्या तारखा देणारा कारकून मीच.

त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "आताच पाहू द्या ना डॉक्टरले. त्यायचे पाय असे आहेत आता."

पुढच्याच बुधवारी जागा होती. मी म्हणालो, वहिनी, या उन्हात कशाला? आमच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात सावली नाही, रांगेत दोन-दोन तास उभं राहावं लागतं, त्यांना काही झालं तर? मी चांगली तारीख देतो. संस्थेला विचारलं, तिला जानेवारीपर्यंत थांबायला हरकत नव्हती. आणि मी माझ्या हातानं डिसेंबरचा दुसरा बुधवार लिहिला, सकाळी दहा. मला स्वतःला उन्हाची भीती वाटते. मी पेशंटसारखा विचार केला, तिथं कारकुनासारखा करायला हवा होता. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी संध्याकाळी घरी येताना आपण एक भलं काम केलं असं वाटून मला बरं वाटत होतं.

डिसेंबरात नागपूरची सकाळ कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. तो दाढी करून आला, इस्त्रीचा शर्ट, त्यावर कुणाचा तरी मागून आणलेला स्वेटर. बायको मागे, तो पुढे, चालत. मी टेबलावरूनच पाहिलं, थंडीनं त्याचे पाय परत आले होते.

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. मंडळाच्या डॉक्टरांनी विचारलं, कसे आहात. तो म्हणाला, "फस्ट क्लास." या रेषेवरून चालून दाखवा म्हणाले. शाळेच्या कवायतीत चालावं तसा तो चालला, परत फिरला, परत चालला. हात दाबा म्हणाले, त्यानं दाबला. पक्कड चालवलेला हात. डॉक्टरांचं काही चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. समोर जे होतं ते त्यांनी लिहिलं. पस्तीस टक्के.

कागद घेऊन तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा खूश होता. "शाळेत तं पस्तीस कधी भेटले नाही, भाऊ. इथं पास झालो."

मी सांगितलं, चाळीस लागतात.

त्यानं कागदाची घडी केली, ती पुन्हा उलगडली. "मले वाटलं, चांगलं चालून दाखवा लागते," तो म्हणाला. त्याची बायको माझ्याकडे पाहत होती. मेमध्ये जे बोलायचं ते ती बोलून चुकली होती.

पुन्हा तपासणी वर्षभरानं, असा नियम होता. मी अर्ज केले, वर भेटलो, विनवण्या केल्या, संस्थेकडून मुदत वाढवून घेतली आणि पुढच्या मेची तारीख मिळवली. तोवर फेब्रुवारीत त्याला या आजाराचा मोठा झटका आला. मला झटका आला की त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू होतं. तो दहा दिवसांनी दवाखान्यात गेला, कारण कूलरची तयारी सुरू झाली होती आणि त्या महिन्यांतल्या कामावर त्याचं वर्ष चालायचं. त्यानंतर डावा पाय त्याचा राहिला नाही; मार्चअखेर बायकोच्या खांद्याला धरून त्यानं आमचा कूलर कसाबसा भरला, आणि मग उजवाही मागोमाग गेला.

त्या मेमध्ये, तपासणीच्या आदल्या दिवशी, मी त्याच्याकडे गेलो आणि जे सांगायचं ते सांगून टाकलं. की जागा होती. की वहिनींनी मागितली होती. की मी दिली नाही. तो आडवा होता, छातीवर ओला दुपट्टा.

"चुकलेच तुम्ही, भाऊ," तो म्हणाला.

माझी मान खाली गेली.

"मले ऊन लागू नये म्हणून चुकले. ते मले समजते. पण आता असे तोंड पाडून बसू नका. पंप जळला तं दुसरा लावा लागते, जळलेल्यापाशी बसून काय भेटते? तुमच्या टेबलावर येईनच कोणी माह्यासारखा. त्याले मेची तारीख द्या."

दुसऱ्या दिवशी त्याला ऑटोतून आणलं आणि खुर्चीसकट आत नेलं. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, कसे आहात. तो उघड्या दारातून माझ्याकडे पाहून हसला. "आज नाही सांगत," म्हणाला. सत्तर टक्के मिळाले. आठ दिवसांत प्रमाणपत्र आलं, जुलैत संस्थेचं औषध सुरू झालं. पण ते औषध उभ्या माणसाला उभं ठेवतं. झोपलेल्याला उठवत नाही. पाठीला जखमा झाल्या, लघवीचं दुखणं सुरू झालं. तरी खाटेवर पडून तो शेजाऱ्यांचे पंप दुरुस्त करायचा; बायको वायर धरायची आणि तो सांगायचा. जानेवारीत छातीत कफ भरला. पाच दिवसांत गेला.

मृत्यूच्या कागदावर न्यूमोनिया लिहिलं आहे. कागदात काय लिहिलेलं नाही ते वाचायची मला सवय आहे. लोक म्हणतात, बिचारा आजारानं गेला. आजार मलाही आहे. त्याच्याहून आधीपासून आहे. डॉक्टर एकच, औषध एकच, वयात दोन वर्षांचं अंतर. मी काठी घेऊन रोज कार्यालयात जातो आणि डॉक्टर म्हणतात, निवृत्तीनंतरची पेन्शनही तुम्ही बरीच वर्षं खाल. माझं शरीर त्याच्याहून चांगलं होतं म्हणून नव्हे. माझा आठवडा त्याच्या चार वर्षांइतका होता, आणि माझ्या डोक्यावर पत्रा नव्हता.

आता माझ्या टेबलावर नसांच्या आजाराचा अर्ज आला की मी एक प्रश्न विचारतो, जो छापील अर्जात नाही. कोणत्या महिन्यात सगळ्यात जास्त त्रास होतो? मग त्या महिन्यातली तारीख देतो. व्हरांड्यात हिरवी जाळी आणि पाण्याचा माठ मागणीअर्ज लिहून लिहून मिळवला आहे. आणि प्रत्येकाला सांगतो, इथं चांगलं दिसायला यायचं नाही, जसे घरी असता तसे या. काही जणांना हे अपमानाचं वाटतं. वाटू दे. मी सांगतोच.

यंदाच्या मार्चअखेर दारात सायकल थांबली. मागे वुडवूलचे गठ्ठे, हातात पक्कड, साडीचा पदर खोचलेला. त्याची बायको. मुलीचं कॉलेज सुरू आहे, तिनं सांगितलं, आणि त्याची सगळी घरं तिनं धरून ठेवली आहेत, फक्त आमचं राहिलं होतं.

तिनं कूलरचा पत्रा उघडला. आत त्याची वर्षं होती, एकाखाली एक. वरची टपोरी, शेवटची वाकडी, रेघ सुटलेली. तिनं ती बोटानं मोजत खाली आणली.

"त्यायच्या नंतर दोन उन्हाळे कूलर बंदच होता का, भाऊ?"

"हो," मी म्हणालो. "आत एसी आहे."

तिनं मान हलवली. गवत भरलं, जाळी ठोकली, पाणी सोडलं. शेवटच्या वाकड्या वर्षाखाली दोन ओळींची जागा मोकळी सोडून तिनं यंदाचं वर्ष लिहिलं. मग बटण दाबलं आणि समोर उभी राहून हाताची मागची बाजू हवेत धरली. डोळे तिनं मिटले नाहीत. ती माझ्याकडे पाहत होती, म्हणून मीही काठी भिंतीला टेकवून हात पुढे केला.

"मला काही कळत नाही, वहिनी."

"हवा थंडी आहे," ती म्हणाली.