बर्फाच्या कप्प्यातलं औषध

आमच्याकडं टँकर आला की बाई घागरी भरते, पातेली भरते, परातसुद्धा सोडत नाही. पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. सरकारी दवाखान्यातल्या औषधाचंही मी तसंच केलं.

मला साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचावं लागतं. दवाखान्यातली औषधांची खोली सांभाळणारा आमच्या भावकीतला, नात्यानं पुतण्या. रांग सरली की तो मला मागच्या दारानं बोलवायचा.

"काकू, दोन बाटल्या जास्तीच्या न्या. म्होरच्या महिन्यात माल येतोय न येतोय."

"दे की. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"बापाचं न्हाई, सरकारचं जातंय," म्हणून तो हसायचा. मीही हसायचे.

घरी फ्रीज आहे, पण लाइट कधी जाईल सांगता येत नाही. सिस्टरनं बजावलं होतं, खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फात नको. मला वाटलं, या शहरातल्या पोरीला आमचं भारनियमन काय ठाऊक. मी सगळ्या बाटल्या वर बर्फाच्या कप्प्यात कोंबल्या. लागेल तशी एक काढायची, पदरात धरून पातळ करायची आणि टोचायची. शेजारणी आल्या की कप्पा उघडून दाखवायचे. तुमच्याकडं आहे का एवढं, असं तोंडानं म्हणत नसे, पण दाखवायचे त्यासाठीच.

गेल्या उन्हाळ्यात औषध आणायला गेले, तर खिडकीपाशी वीटभट्टीवरची एक बाई उभी होती. तिची मुलगी पायरीवर बसली होती. नऊ-दहा वर्षांची असेल, ओठ सुकलेले. एवढ्याशा पोरीलाही हाच आजार.

"संपलंय. गाडीच आली नाही," पुतण्या सांगत होता. "नगरला जा."

"सायेब, काल बी अर्धीच सुई दिली. आज तर कायच न्हाई."

"मग मी काय खिशातनं काढू?"

मी पुढं झाले तसा त्यानं आवाज खाली आणला. "काकू, या खेपेला तुमालाबी न्हाई. पण तुमच्याकडं घरी हायत की."

ते त्या बाईनं ऐकलं. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मागितलं काही नाही.

"थांब इथंच," मी म्हणाले आणि रिक्षा करून घरी गेले. होत्या तेवढ्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. खरं सांगते, येताना मला माझंच कौतुक वाटत होतं.

सिस्टरनं एक बाटली उजेडाकडं धरली. आत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या तरंगत होत्या. तिनं दुसरी धरली, मग तिसरी.

"आजी, हे गोठलं होतं का?"

"बर्फाच्या कप्प्यात होत्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग सगळ्या वाया गेल्या. यातली एकही पोरीला देता येणार नाही. आणि तुम्ही हेच टोचत होतात? म्हणून तुमची साखर उतरत नव्हती. डॉक्टर उगाच डोस वाढवत बसले."

रांगेतून कुणीतरी विचारलं, "पन म्हातारीकडं येवढ्या बाटल्या आल्याच कशा?"

पुतण्या खिडकीतून आत सरकला. उत्तर मलाच द्यावं लागलं. "मागच्या दारानं नेल्या," मी म्हणाले. मान वर झाली नाही.

तोवर तिकडं पायरीवर पोरीला उलट्या सुरू झाल्या होत्या, धाप लागली होती; आई तिलाच धरून बसली होती, खिडकीपाशी काय बोलणं झालं ते तिच्या कानावर गेलं नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालून तिला नगरला नेलं. मी फडक्यातल्या बाटल्या मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. लोक जाताना बघत होते. बघण्यासारखंच होतं.

त्याच दिवशी डॉक्टरांनी औषधांची खोली उघडायला लावली. आणखी कुणाकुणासाठी बाजूला ठेवलेली खोकी निघाली. काहींची मुदत तिथंच सरून गेली होती. आता आधी आलेला माल पुढं लावतात, नवा मागं. इन्शुलिन एका वेळी महिन्यापुरतंच मिळतं, तेही रिकामी बाटली परत दिल्यावर. मुलांसाठीच्या बाटल्या वेगळ्या असतात, त्यांना कुणी हात लावायचा नाही. भावकीतल्या बायका मला बोलतात, "तुझ्यापायी आमचं बी गेलं." बोलू देत.

पोर वाचली. आठ-पंधरा दिवसांनी मायलेकी दवाखान्यात भेटल्या. पोरगी चालत आली होती. आईनं मला पाहिलं आणि तिला पुढं ढकललं.

"आजीच्या पाया पड. तुज्यासाठी उनातानात घरी पळाली व्हती."

तिला एवढंच कळलं होतं. तिच्या पोरीचं औषध माझ्या घरी गोठून पडलं होतं, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. पोरगी वाकली, तसे मी पाय मागं घेतले.

"माझ्यामुळंच तुला मिळालं नव्हतं," मी म्हणाले.

आईला ते पटेना. "असं कसं, आजी?" म्हणत ती हसली. मग मी तिथंच उभी राहून तिला सगळं सांगितलं, मागच्या दारापासून. ती ऐकत गेली. सांगून झालं तेव्हा तिनं पोरीचा हात धरला आणि ती खिडकीकडं गेली.