शेकोटीपाशी मागितलेली माफी

चहा घ्या आधी, गार व्हईल. अन् हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मी जे सांगणार हाय त्यात माझी अब्रू अख्ख्या हॉटेलासमोर गेलेली हाय. कुणी घालवली? मीच! माझ्याच तोंडानं! अन् तोंड तरी कसं, तर बायकोपुढं तीस वर्षांत "भाजीत मीठ कमी हाय" याच्या पलीकडं कधी उघडलं न्हाई असलं.

आमची नंदा नांदेडला दवाखान्यात नर्स हाय. एकुलती एक लेक, अन् स्वभावानं फौजदार. डिसेंबरात तिचा फोन आला.

"बाबा, शनिवारी तुमी अन् माय हिंगोलीला जायचं. हॉटेलात खोली घेतलीय मी. तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, इतवारी परत."

"काहून? आपलं घर पडलं का?"

"माहेर सोडलं तर माय घराबाहेर शेवटची कधी झोपली, सांगा बरं."

मी लई आठवलं. "तुझ्या वक्ताला. सरकारी दवाखान्यात."

"बघा!"

"अन् शेळ्या?"

"शेळ्यायला इठ्ठलकाका बघतेत. मी बोलले त्यांच्याशी." मग तिचा आवाज जरा खाली आला. "बाबा, माय बोलंना झालीय. तुमाला दिसत न्हाई का?"

दिसत व्हतं हो. एका घरात राहून कसं दिसणार न्हाई?

हे जरा नीट सांगतो, मग परत हसू. औंदाच्या मृगात, पेरणीच्या दिवशीच, सकाळी बायकोच्या माहेरून फोन आला. तिची माय लई सीरियस हाय, लगेच या. इकडं ट्रॅक्टर बांधावर उभा, आभाळ भरून आलेलं. मी म्हणलं, "एवढं एक वावर होऊ दे, मग निघू." एका वावराची दोन झाली. आमी पोचलो तवा म्हातारी दुपारीच गेलेली.

नंदाची माय तिथं रडली. पण मला एक शब्द बोलली न्हाई. तवापासून भाकरी वेळेवर, शेळ्या वेळेवर, इचारलं तर उत्तर बी वेळेवर. पण पहिल्यासारखं आपणहून बोलणं, रानातून येताना अख्ख्या गावाची खबर सांगणं, ते बंद! भांडली असती तर बरं झालं असतं. माणूस भांडलं तर निदान कुठं दुखतंय ते कळतं.

माफी मागायची व्हती मला. पण कशी मागायची, हे आमच्या पिढीतल्या गड्यायला कुणी शिकवलंय का? मी शेळ्यांपुढं सराव केला. खोटं सांगत न्हाई! रानात कुणी न्हाई बघून मोठ्यानं म्हणलं, "माझं चुकलं." शेळीनं माझ्याकडं बघितलं, अन् माझ्या सदऱ्याचं टोक चघळाय लागली. म्हणलं, ही रागावली न्हाई म्हणजे अर्धं काम झालं.

तर शनिवारी मोटरसायकलवर निघालो. मी माकडटोपी घातलेली, मागं नंदाची माय, स्वेटरवर शाल, शालीवर पदर. वारंगा फाट्यावर चहा, मग नरसीला नामदेवाचं दर्शन, अन् दिवस कलायला हिंगोलीच्या बाहेर त्या हॉटेलात.

खोली बघून ती दारातच थांबली.

"इतकं पांढरं? ह्याच्यावर झोपायचं?"

"तेच्यासाठीच हाय ते."

"मळंल की हो!" असं म्हणून तिनं पिशवीतून आपली घरची चादर काढली अन् त्या पांढऱ्या चादरीवर अंथरली. वर हॉटेलची उशी बी आपल्या टॉवेलात गुंडाळली. चावी म्हणून त्यांनी पत्त्याच्या पानासारखं एक कार्ड दिलं व्हतं. ते मी सदऱ्याच्या आतल्या खिशात, अगदी काळजापाशी ठेवलं. हरवलं तर काय घ्या!

जेवायला खाली बागेत बसायचं व्हतं. मधी मोठी शेकोटी पेटवलेली, भवताली चार-पाच टेबलं, झाडायवर बारक्या बारक्या पिवळ्या लायटी. अन् थंडी अशी की दात वाजून राहिले. हॉटेलवाले लई चांगले; बसलं की वेटर प्रत्येकाला एक गरम शाल आणून द्यायचा. सगळ्या एकाच रंगाच्या. डाळिंबी.

लक्षात घ्या, सगळ्या एकाच रंगाच्या.

नंदाच्या मायनं ती शाल डोक्यावरून घेतली अन् शेकोटीकडं तोंड करून बसली. वेटरनं जेवणाचं कार्ड दिलं. मी ते लांब धरलं, जवळ धरलं. सगळं धुकं.

"चष्मा वर राहिला," मी म्हणलं.

"तुमी हात धुवून या," ती म्हणली.

मी हात धुवाय गेलो. तिथं आरशापुढं उभा राहून ठरवलं, आज न्हाई तर कधीच न्हाई. नंदानं एवढ्यासाठीच तर पाठवलं. तोंडावर पाणी मारलं, टोपी नीट केली, अन् परत आलो. डाळिंबी शाल दिसली. डोक्यावरून घेतलेली, तोंड शेकोटीकडं. शेजारी खुर्ची रिकामी. बसलो.

तिच्याकडं बघितलं असतं तर माझ्याच्यानं बोलणं झालं नसतं. म्हणून मी बी विस्तवाकडंच बघितलं.

"कमल," मी म्हणलं. तीस वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं, बरं का! "मधी बोलू नको. मला एकदाच जमंल, दुसऱ्यांदा जमणार न्हाई. अन् इकडं बघू बी नको."

ती गप. मला धीर आला.

"त्या दिवशी माझं चुकलं. तुझी माय मला कधी जावई म्हणली न्हाई, लेकरा म्हणायची. अन् मला तिच्यासाठी एक वावर सोडता आलं न्हाई. पाऊस येईल म्हणून थांबलो. अन् पाऊस तर चार दिवस आलाच न्हाई, कमल. चार दिवस मी त्या वावराकडं बघत व्हतो, अन् मला माझीच लाज वाटत व्हती. त्या वावरातलं सोयाबीन चांगलं आलं, पण मी ते कापाय गेलो न्हाई, इठ्ठलला धाडलं. तू भांड माझ्याशी. शिव्या दे. पण अशी गप राहू नको. तू घरात असून घर रिकामं वाटून राहिलं मला."

एवढं बोललो अन् घाम फुटला. डिसेंबरात! शेजारून हुंदका आला. मग दुसरा. मी मनात म्हणलं, झालं काम. हात पुढं करून तिच्या शालीवर ठेवणार, तेवढ्यात शालीतून आवाज आला.

"भाऊ... तुम्ही कोण हो?"

मी मान वळवली. गोरीपान, सोनेरी काडीचा चष्मा, पांढरे केस, साठीची बाई! डोळ्याला रुमाल लावून माझ्याकडं बघून राहिली!

"आवो ताई," माझी बोबडीच वळली, "मधीच सांगायचं न्हाई का!"

"तुम्हीच म्हणालात ना, मधी बोलू नको? दुसऱ्यांदा जमणार नाही म्हणालात. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. मुलगा धीर करून बोलत असला की मध्ये टोकायचं नसतं."

आता बोला! मी उठून पळणार, तर समोरून तिचा नवरा आला. फोनवर बोलत फाटकापर्यंत गेलता. उंचापुरा, मिशीवाला, चालण्यावरूनच रिटायर साहेब वाटावा असा. बघतो तर काय, आपली बायको रडून राहिली अन् शेजारी माकडटोपीतला अनोळखी गडी.

"काय झालं? काहून रडतेस? कोण आहे हा?"

"हे माफी मागत होते," बाई म्हणली.

"माफी? काय केलं यानं?"

"मला काही नाही केलं. बायकोला केलं."

"मग तुझी माफी काहून मागतो?"

"साहेब, शाल..." मी म्हणलं. "शाल सारखी हाय."

"कसली शाल?"

बाईनं डोळे पुसले अन् सगळं सांगितलं. पेरणी, म्हातारी, चार दिवस न आलेला पाऊस, सगळं. अन् आवाज तरी कसा! पस्तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज. शेजारची टेबलं खायची थांबली. वेटर शेवभाजीचं ताट हातात घेऊन तसाच उभा. सांगून झाल्यावर बाई नवऱ्याकडं वळली.

"तुम्ही मागितली का हो कधी माफी?"

"मी? कशाची?"

"यादी देऊ?"

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी त्यांच्या घरात चोरी केली असती तर परवडलं असतं!

"ते नंतर बघू," साहेब घाईनं म्हणले. "आधी यांची बायको कुठाय?"

मी चौफेर बघितलं. आमचं टेबल पलीकडचं व्हतं अन् तिथं कुणीच नव्हतं. वेटर म्हणला, "काकू मघाशीच वर गेल्या. तुमी हात धुवाय गेले तवा. काकांचा चष्मा आणते म्हणल्या."

मी काळजापाशी हात नेला. कार्ड खिशात! म्हणजे ती बिचारी बंद दारापुढं उभी!

मी जिन्याकडं पळालो. माझ्या मागं बाई, बाईच्या मागं साहेब, साहेबांच्या मागं वेटर, शेवभाजीसकट. अन् शेजारच्या टेबलावरच्या दोघी बहिणी बी. त्यांना काहून यायचं व्हतं, देव जाणे!

वरच्या बोळात ती भिंतीला टेकून उभी. शाल हनुवटीपर्यंत ओढलेली. मला बघून म्हणली, "दार उघडंना. म्हणलं तुमी येताल. म्हणून थांबले." मग तिला मागची वरात दिसली. तशी पटकन पुढं येऊन माझ्या कपाळाला हात लावला. "काय झालं? पडले का कुठं? हे लोक काहून आले?"

बघा आता. सहा महिने जिच्याशी नीट बोललो न्हाई, ती माझ्या चष्म्यासाठी थंडीत उभी, अन् वर माझंच कपाळ तपासून राहिली! मघाशी धडाधड बोललेलं सगळं डोक्यातून गेलं. तोंडातून निघालं काय?

"कार्ड माझ्यापाशी व्हतं."

"ते कळलं. पण झालं काय?"

मागून बाईचा आवाज आला, हळू, परीक्षेत पोराला आठवण करून द्यावी तसा.

"पेरणी..."

"पेरणीच्या दिवशी," मी म्हणलं, "माझं..."

"चुकलं," वेटर म्हणला.

"माझं चुकलं. तुझी माय मला... मला..."

"लेकरा म्हणायची!" साहेब! साहेबांना पाठ! "अन् पाऊस चार दिवस आला नाही, तेही सांगा!"

ती एकदा माझ्याकडं बघायची, एकदा त्या लोकांकडं. हळूहळू तिला उमगलं. तिचा चेहरा असा झाला, की हसंल का रडंल, मला सांगता येईना. बाईला बाईचं कळतं; तिनं साहेबांचा दंड धरला अन् सगळ्यायला दोन पायऱ्या खाली नेलं.

नंदाची माय म्हणली, "सहा महिने वाट बघितली मी. आज बोलतेल, उद्या बोलतेल. अन् तुमी सगळ्या हॉटेलाला सांगून मग माझ्यापाशी आले व्हय?"

"ती बाई... शाल सारखी..."

"मी अन् ती बाई सारखी दिसतो?"

"चष्मा नव्हता."

ती हसली. हसता हसता भिंतीला टेकून रडली. मी तिच्या शालीवर हात ठेवला. ह्या खेपी बराबर शालीवर.

"राग व्हता मला," ती म्हणली. "अजून बी हाय. पण आता बोलून काढीन."

अन् काढला! त्याच जेवणात! खाली दोन टेबलं जोडली, साहेब-बाई अन् आमी दोघं. नंदाची माय तिच्या मायबद्दल बोलत राहिली. लहानपणी माय सेनगावच्या बाजारातून येताना पदरात फुटाणे बांधून आणायची, अन् सगळ्यायला वाटून झाल्यावर हिच्या एकटीसाठी गाठीतले दोन दाणे मागं ठेवायची. तीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. मधी मधी ती थांबायची अन् माझ्याकडं बघून म्हणायची, "तवा तुमी ट्रॅक्टरावर व्हते." मी मान खाली घालायचो. ती परत बोलाय लागायची. शेवभाजी गार झाली, वेटरनं न सांगता दोनदा गरम करून आणली.

सकाळी निघताना साहेब गाडीपाशी आले. डोळे तांबडे.

"काय हो, झोप न्हाई का झाली?" मी इचारलं.

"यादी मोठी निघाली," ते म्हणले, अन् माझा हात जोरात दाबला. रागानं का मायेनं, ते काही मला कळलं न्हाई.

येताना गाडीवर मागून तिचं बोलणं चालू. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, नंदाला कसलं स्थळ बघायचं. वाऱ्यात अर्धं ऐकू यायचं, अर्धं न्हाई. पण मी आपला सगळ्यायला व्हय व्हय म्हणत राहिलो. कळमनुरी कधी मागं गेली, कळलं न्हाई.

एवढं सगळं बरं झालं. फक्त एक तकलीफ कायमची लागली. आता घरात मी काही बोलायच्या आधी नुसतं खाकरलो तरी ती हातातलं काम खाली ठेवती, उजेडात येती, डोक्यावरचा पदर मागं घेती, अन् तोंड माझ्या तोंडापुढं आणून म्हणती,

"नीट बघून घ्या. मीच हाय. आता बोला."