कोणीही हजर झाले नाही

गेल्या वर्षापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही — आणि ती तर माझ्या पावलांच्या आवाजावरून माझी बदली ओळखायची. न्यायालयात विचारलं तेवढंच बोलता आलं. उरलेलं तुम्हाला सांगतो.

मी महसूल खात्यात प्रांताधिकारी होतो. हिंजवडीकडे संगणकाच्या कंपन्या भराभर उभ्या राहत होत्या, ते दिवस. बाणेरच्या पुढं, भर रस्त्यात पोलिसांनी एका तरुणाला गोळ्या घातल्या. संशयित अतिरेकी, त्यानंच आधी पिस्तूल रोखलं, असं पोलिसांचं म्हणणं. शहराला हायसं वाटलं. आमच्या शनिवार पेठेत पेढे वाटले. मीही खाल्ला — दोन खाल्ले.

अशा मृत्यूची दंडाधिकाऱ्यानं चौकशी करायची असते. ती माझ्याकडे आली. तो खरंच अतिरेकी होता का? मला आजही ठाऊक नाही, आणि मला ते विचारलंच नव्हतं. प्रश्न एकच होता — पोलिसांच्या जिवावर बेतलं होतं का? बेतलं होतं, तर गोळी कायद्यात बसते. नसेल, तर त्याला काय म्हणायचं? सरकारनं मारलं म्हणून खुनाचं नाव बदलतं का?

रीतीप्रमाणे मी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. कोणास काही माहिती असल्यास अमुक दिवशी कार्यालयीन वेळेत हजर राहावे. कुणी वाचू नये म्हणूनच त्या इतक्या बारीक छापतात, असं आम्ही कचेरीत हसून म्हणायचो. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत कुणी फिरकलं नाही. अहवाल तर मी आदल्या दिवशीच टंकून घेतला होता.

कचेरी पावणेसहाला सुटायची. पाच वाजून वीस मिनिटांनी दारात एक माणूस उभा राहिला. अंगावर चालकाचा गणवेश, हातात नोटिशीचं कात्रण. नागपूरकडचे मेश्राम, कंपनीची बस चालवायचे. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आले होते.

"साहेब, त्यानं हात वर केले होते. मी माह्या डोयानं पाह्यलं."

"वेळ संपली," मी म्हणालो.

"पण साहेब, अजून तर —"

"बस वेळेवर नेता ना? मग इथंही वेळेवर यावं."

ते गेले. अहवालातलं वाक्य मी तसंच ठेवलं — जाहीर नोटीस देऊनही कोणीही हजर झाले नाही; सबब गोळीबार स्वसंरक्षणार्थ होता. खाली सही केली.

मला कुणाचा फोन आला होता का? नाही. कुणी दम दिला होता? नाही. शहर खूश होतं आणि मला शहराच्या बाजूला राहायचं होतं — एवढंच.

त्या तरुणाची आई अर्ज करत राहिली. दर वेळी माझंच वाक्य दाखवून तिला परत पाठवलं गेलं. मी निवृत्त झालो, म्हातारा झालो. गेल्या वर्षी तिचा नवा अर्ज न्यायालयानं ऐकायला घेतल्याचं वाचलं, तेव्हा तिच्या वकिलांना मी स्वतःहून पत्र लिहिलं. त्यांनी मेश्रामांनाही शोधून काढलं.

उलटतपासणीत सरकारी वकील गोड हसले. "आजोबा, काल काय जेवलात ते तरी आठवतंय का?"

"मटकीची उसळ. मीठ कमी होतं," मी म्हणालो. "आणि मेश्राम आले तेव्हा वेळ संपायला पंचवीस मिनिटं होती. मी खोटं लिहिलं."

इतक्या वर्षांत माझा आवाज इतका खणखणीत कधी लागला नव्हता.

परवा निकाल लागला. माझा अहवाल रद्द. गोळी घालणाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदवण्याचा आदेश. आपल्या सहीचा कागद रद्द झाल्याचा एवढा आनंद होईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्या तरुणाची म्हातारी आई बाकावरून उठली आणि काठी वकिलांच्या हाती देऊन, मेश्रामांच्या दंडाला धरून, ताठ मानेनं जिना उतरली. मी कडेला सरकून वाट दिली. माझ्या साक्षीच्या दिवशी ती आली नव्हती; तिनं मला ओळखलं नाही.

तिला इतकी वर्षं अडवून धरणारा माणूस तो मीच.