डाळ निवडणाऱ्या कक्षाच्या विमलताई

बेसा भागातल्या आमच्या वृद्धाश्रमात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, त्या सकाळी विमलताईंनी माझी प्रमाणपत्रं पाहिलीसुद्धा नाहीत. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कक्षाच्या त्या प्रमुख. त्यांनी मला सखूबाईंशेजारी बसवलं. "आधी यांच्यासंग डाळ निवड, मग बोलू." सखूबाई कळमेश्वरकडच्या, उभा जन्म शेतात गेलेल्या. मुलाचं नाव त्यांना आठवत नसे, पण सूप हाती आलं की डाळ झकास पाखडत.

कधी त्या खडे ठेवत आणि डाळच फेकून देत. विमलताई ती मुकाट्यानं गोळा करत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्यापुढे ठेवत. मला हसू आलं, तेव्हा त्या करड्या आवाजात म्हणाल्या, "डाळीचं काय घेऊन बसली? आपलं कोणाले तरी काम पडते, एवढं त्यांले वाटलं का दिवस चांगला जाते."

एकदा आंघोळ घालताना एका आजोबांनी माझ्या थोबाडीत मारली. विमलताईंनी आधी मला चहा पाजला, मग म्हणाल्या, "परकी बाई कपडे काढून राहिली, असं वाटलं त्यांले. तू काय केलं असतं?" त्यानंतर मी परवानगी विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावला नाही.

गेल्या वर्षी सखूबाईंचे चिरंजीव आले. आईच्या हाती सूप पाहून भडकले. "आम्ही मायले इथं मोलकरीण म्हणून ठेवलं का?" वर्षातून एकदा येणाऱ्यांना आईचा पुळका असाच येतो. विश्वस्तांनी विमलताईंना साधं विचारलंही नाही. सूप गेलं, मोठा टीव्ही आला. खुर्च्यांना पट्टे आले, सुरक्षिततेसाठी म्हणे. विमलताई भांडल्या, आणि कोणी ऐकेना तेव्हा राजीनामा देऊन गेल्या.

त्यांच्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथ त्याच विश्वस्तांनी काढला आहे. शाल-श्रीफळही आहेच. माणूस घालवायचा आणि मग त्याची आरती ओवाळायची, याची मला चीड येते. हे छापतील की नाही, ठाऊक नाही.

सखूबाई आता दिवसभर खुर्चीत असतात. काल माझा हात धरून म्हणाल्या, "काहून बांधलं वं मले? म्या काय केलं?"

विमलताई, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, हातपाय धडधाकट राहोत आणि स्मरण अखेरपर्यंत शाबूत राहो. हे शेवटचं मागणं मी देवाजवळ रोज मागते. कारण ते गेलं, तर आपल्याला आमच्याकडेच आणतील, आणि पट्टा बांधायला मलाच सांगतील.