आखाडाच्या कोंबड्या आणि भाऊजींच्या खोल्या

रविवारी एक मजाच झाली. चाकणच्या अलीकडे आमची ब्रॉयलर कोंबड्यांची छोटी शेड आहे, तिच्यासमोर धाकट्या दिरांची गाडी येऊन थांबली... हातात रिकामा क्रेट.

हेच भाऊजी दिवाळीपासून एकच लावून धरत होते. शेड पाडा, खोल्या बांधा, कंपनीतली पोरं भाड्याने राहतील. आजूबाजूला सगळ्यांनी तेच केलंय, त्यामुळे आबा, म्हणजे माझे सासरे, हळूहळू तिकडे झुकले होते. नवरा शिफ्ट करून दमून येतो, त्याचं म्हणणं तुम्हीच काय ते ठरवा.

शेवटी आबा एवढंच म्हणाले की ही एक बॅच कर. कोंबड्यांचं वजन भरलं नाही तर शेड पाडायची...

मीही हट्टी. नुसतं विकतचं खाद्य परवडत नाही, म्हणून मावळातल्या भाताच्या मिलमधून कोंडा आणायला लागले. गुळाचं पाणी आणि ताक घालून तो पिंपात दाबून आंबवायचा आणि रोजच्या खाद्यात थोडा थोडा मिसळायचा, हे एका ट्रेनिंगमध्ये शिकले होते.

पहिलं पिंप मात्र वाया घालवलं. लोणच्याची सवय ना... रोज झाकण उघडून हलवत बसले. हवा लागली, बुरशी आली, सगळं उकिरड्यावर. भाऊजींनी गावभर केलं की वहिनी कोंबड्यांना सडकं घालतात.

राग आला. खूप आला. इडलीचं पीठ आंबलेलं चालतं आणि कोंबडीचा कोंडा आंबला की सडका?

दुसरं पिंप घट्ट बंद केलं आणि हात आवरला. उघडलं तर आंबटगोड वास... एकटीच हसले. कोंबड्यांनी पहिल्या दिवशी नुसती चोच लावून बघितली, नंतर तुटून पडायला लागल्या. वजन छान भरलं. सगळं कोंड्यामुळेच झालं असं छातीठोक सांगणार नाही, पण सडकं खाऊन कुणी असं वाढत नाही. तरी भाऊजींचं आबांच्या मागे खोल्यांचं टुमणं चालूच होतं.

तर रविवारी... आखाड चालू. श्रावण लागायच्या आत इथे प्रत्येकाची एक तरी पार्टी होतेच. भाऊजींनी तळवड्याचे मित्र जेवायला बोलावले होते.

"वैनी, मागल्या रविवारी तुमच्याकडं जेवलो, ती कोंबडी लई चवीची हुती. तसल्याच धा-बारा द्या."

मी क्रेट घेतला, खाली ठेवला आणि शेडला कुलूप लावलं.

"देते की. आधी आबांना सांगा, शेड राहणार म्हणून."

त्यांना चेष्टा वाटली. मी किल्ली कमरेला खोचली तेव्हा कळलं. तेवढ्यात मित्रांचे फोन सुरू झाले, मग काय करतात... गेले अंगणात. आबा दाढी करत बसले होते. भाऊजी पुटपुटले की वैनीच्या कोंबड्या चांगल्या झाल्यात, शेड राहिली तरी चालंल.

आबांनी आरशातून नजर काढली नाही. "खोल्या तुझ्या वाटणीच्या जागंत बांध. हिची शेड हिची हाय."

क्रेट मीच भरला, चांगल्या चांगल्या बघून. दिराच्या पार्टीत माझं नाव खाली जायला नको.

लोक विचारतात, पाठिंबा कुणाचा होता. खरं सांगू? त्या कोंबड्यांचा. घरातल्या माणसांच्या आधी त्यांनी माझ्या हातचं विश्वासाने खाल्लं.